ज्वारीच्या खळीवरचं चित्र

साखरपुड्याची तारीख काढायला आलेली मंडळी चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन चहाकडे वळली, तेवढ्यात मुलीच्या आज्जीनं, अव्वांनी सांगून टाकलं की हे लग्न होणार नाही.

सांगितलं तेही अशा आवाजात, जसं आज नळाला पाणी येणार नाही म्हणावं. त्यांच्या थोरल्या मुलाच्या, माणिकप्पाच्या हातातला कप हातातच राहिला. त्याची बायको सुकन्या उरलेल्या सुशीलेची परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. नवरामुलगा आदर्श लातूरच्या क्लासमध्ये हॉलभर पोरांना एका दमात फिजिक्स शिकवतो, पण त्यालाही काही सुचेना. त्यानं नवऱ्यामुलीकडं, वर्षाराणीकडं बघितलं अन् वर्षाराणीनं आज्जीकडं. आदर्शचे वडील शरणप्पा तेवढे निवांत होते. त्यांना वाटलं, म्हातारीच्या चहात साखर कमी पडली असेल.

"अव्वा, काय बोलायलीस?" माणिकप्पा म्हणाला. "पोरापोरीची पसंती झाली. मोंढ्यातल्या समद्या आडत्यांना सांगून बसलो मी."

"मी कुठं न्हाई म्हणते? पोरगं चांगलं हाय. खातंबी नीट." अव्वांनी आदर्शच्या चाटूनपुसून साफ केलेल्या ताटलीकडं बघितलं. "पर शरणप्पानं संगूवरची केस मागं घ्यावी. केस हाय तोवर अक्षता न्हाईत."

आता मात्र शरणप्पांनीही कप खाली ठेवला. त्यांच्यासमोर या घरात संगूचं नाव घ्यायचं नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत होते. सोयरीक जुळवतानाही दोन्हीकडच्या लोकांनी ते नाव इतक्या सफाईनं टाळलं होतं, की मध्यस्थाला वाटलं, या घरात एकच मुलगा.

संगमेश्वर अव्वांचा धाकटा. नांदेडला कॉलेजात चित्रकला शिकवायचा. चौदा वर्षांखाली त्यानं तिथल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं, अन् त्यातल्या एका चित्राचा फोटो पेपरात आला. फोटो काळा-पांढरा, आगपेटीएवढा. खड्ड्यात मांडी घालून बसवलेला उघडा माणूस, तोंड वासलेलं. इकडं गावात, उदगिरात, कुणीतरी म्हणालं, हे तर आपल्या मठाचे वारलेले, लिंगैक्य स्वामी. झालं! चित्र कुणी बघितलं नव्हतं, पण राग सगळ्यांना आला. शरणप्पा आता मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष, पण तेव्हा तिथं नवे होते, अन् नव्या माणसाला काहीतरी करून दाखवावं लागतं. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, पाठोपाठ आणखी काहींनी दिली. संगूला विचारलं तर तो म्हणाला, चित्रात कोण आहे ते बघणाऱ्यानं सांगावं. असल्या उत्तरानं कुठली केस मिटते? धमक्या आल्या, खोलीवर दगड आले. नॉर्वेतल्या एका संस्थेनं त्याला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. तो गेला तो गेलाच. बाकीच्या तक्रारी आपोआप विझल्या, शरणप्पांची तेवढी जिवंत राहिली. इकडं विमानतळावर पाय ठेवला की धरणार, असं लातूरचा वकील सांगत होता. तक्रारदारानंच शपथपत्र दिलं तर वरच्या कोर्टात केस रद्द होऊ शकते, हेही त्यानंच सांगितलं होतं.

संगूचा फोन दर सोमवारी यायचा. समुद्राकाठच्या एका गावात, माशांच्या गोदामावर त्याची खोली. पोटापुरतं शाळेत शिकवायचा, बाकी दिवसभर चित्रं. ब्रश क्वचित. हातानंच रंग फासायचा, कोपरापर्यंत माखलेला असायचा. फोनच्या पडद्यावर तो चित्र दाखवायचा, अन् अव्वा चष्मा पुसून बघायच्या.

"हे काय रे?"

"मोंढा आहे, अव्वा. तुरीचा सीझन."

"मोंढ्यात एवढं लाल कुठून आलं?"

"हमालांच्या पाठी."

"अन् हे काळं?"

"दादा."

अव्वांना ते पटायचं. माणिकप्पाला त्या कधी सांगायच्या नाहीत.

त्याचा पांढरा रंग म्हणजे कपाळाला लावायची विभूती. विभूतीच्या गोळ्या कुटून तो रंगात मिसळायचा, अन् त्या नॉर्वेत मिळत नाहीत. एकदा अव्वांनी शिकायला निघालेल्या शेजारच्या पोराबरोबर दोन शेर पाठवल्या. पांढरी भुकटी बघून तिथल्या विमानतळावर त्या पोराला अर्धा दिवस बसवून ठेवलं. त्यानं शेवटी कपाळावर तीन बोटं ओढून दाखवली, तेव्हा सोडलं. पोराच्या आईनं तेव्हापासून अव्वांशी बोलणं टाकलंय.

कापडही संगूचं घरचंच. मांजरपाट घ्यायचा, ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची, थापायची, वाळली की वर रंग. खळ करायला अव्वांनीच शिकवलं होतं. खळीत चिमूटभर मोरचूद टाक, उंदीर-झुरळ लागत नाही, हेही सांगितलं होतं. तो म्हणायचा, मोरचुदानं पांढऱ्याला हिरवट झाक येते. यावरून मायलेकांचं भांडण त्याच्या कॉलेजच्या दिवसांपासून चालू होतं, अन् अजून कुणी हरलं नव्हतं.

"वहिनी," शरणप्पा घसा साफ करून म्हणाले. मेलेल्या जिवलग मित्राची बायको, म्हणून वहिनी. "लग्नकार्यात कोर्टकचेरी कशाला आणता? धर्माची बाब हाय ती. मी आता मागं सरलो तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारपणी अक्कल आली."

आदर्श हसला, अन् बापानं बघितल्यावर खोकला.

"अव्वा, खामखा का ताणतीस?" माणिकप्पा काकांच्या बाजूला सरकून बसला. "काकांनी तक्रार दिली म्हणून तर लोक निवले, आपल्या दुकानाला हात लागला न्हाई. काका आपल्या पाठीशी उभे ऱ्हायले त्या वख्ताला. अन् संगूला तिकडं काय कमी हाय? फोटो येतेत त्याचे."

"तुला भाऊ फोटोत बरा वाटतो."

"तसं न्हाई..."

"मग कसं हाय?" हे सुकन्या म्हणाली. परात तिनं तिथंच दारात खाली ठेवली होती. नवऱ्याच्या विरुद्ध ती कधी बोलत नसे, निदान पाहुण्यांसमोर. पण लेकीचं लग्न मोडायला निघालं होतं, अन् ते कुणामुळं मोडतंय याचा हिशोब तिनं मनात फिरवून बघितला होता. "काकांनी एक सही केली तर पोरीला अक्षता पडतेत अन् भावजी घरी येतेत. यात वाईट कुणाचं होतंय, ते तरी सांगा."

माणिकप्पानं गार चहाचा घोट घेतला. त्याला सांगता येण्यासारखं नव्हतंच.

अव्वांनी पाय वर घेतले अन् सोफ्यावर मांडी घातली. ज्या गोष्टीसाठी त्यांनी सोयरीक पणाला लावली, ती त्यांना सरळच सांगायची होती.

"बगा," त्या म्हणाल्या. "माझ्या हृदयाची झडप गेलीय. डॉक्टर म्हणला ऑपरेशन झेपणार न्हाई. जायचं कुणालाच चुकत न्हाई, मला त्याची फिकीर न्हाई. पर आपल्यात माणसाला बसवून पुरतेत. बसल्या मुडद्याची मान पडती. कुणीतरी खड्ड्यात उतरून, स्वामींचं मंतरतंतर समदं होईपर्यंत मान धरावी लागती. यांच्या वख्ताला कोण उतरलं होतं?"

 वर्षाराणी तेव्हा लहान होती. तिनं विचारलं, "कोण आज्जी?"

"संगू उतरला. अन् हा शरणप्पा."

माणिकप्पा खाली बघत होता. थोरला मुलगा म्हणून त्यालाच पुढं केलं होतं. बापाची मान एका अंगाला कलंडली अन् तोंड उघडलं, तसा तो दोन पावलं मागं सरला होता. कुणी काही म्हणालं नव्हतं. धाकटा मुकाट्यानं उतरला होता. अव्वांनी बायकांच्या घोळक्यातून सगळं बघितलं होतं, अन् थोरल्याला त्याबद्दल एका शब्दानंही कधी विचारलं नव्हतं. घाबरट असलं तरी ते त्यांचंच लेकरू होतं.

"माझ्या वख्ताला मला संगू पायजे," अव्वा म्हणाल्या. "परक्याच्या हातात मान देऊन बसणार न्हाई मी."

 शरणप्पांचे डोळे जरा ओले झाले, पण त्यांना ट्रस्ट आठवला, मठात अंगावर पडलेली शाल आठवली, अन् त्यांनी मार्ग काढला. मार्ग इतका चांगला निघाला की त्यांनाच बरं वाटलं.

"वहिनी, माझं काय वैर हाय का पोराशी? तो म्हणतो स्वामी न्हाईत. ठीक हाय. ते चित्र कुणी मला दाखवावं. स्वामी नसले तर मी आज सही करतो, देवाशपथ. पर चित्र तर त्या दिवशी चौकात जळालं. मीच काडी लावली होती. आता काय करता!"

"जळालं न्हाई," अव्वा म्हणाल्या.

"माझ्या डोळ्यांदेखत जळालं की, वहिनी."

"ते नाटकाचं जंगल होतं. संगूनं दहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला पडदा रंगवला होता. तुम्ही दारात येऊन बोंबललात, चित्र बाहेर काढा, चित्र बाहेर काढा. माळ्यावर तेच पयले हाताला लागलं. गुंडाळी दिली फेकून." अव्वांनी पदर सारखा केला. "एकानंबी उघडून बघितलं न्हाई. उघडलं असतं तर दोन हरणं अन् एक मोर दिसला असता."

शरणप्पांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे मी..."

"हाव. मोर जाळलास."

संगूनं चित्र नांदेडहून घरी पाठवलं त्या रात्रीच अव्वांनी एकदा बघितलं होतं, अन् मागून माणिकप्पानंही. नवऱ्याचं वासलेलं तोंड बघवलं नव्हतं. त्यांनी ते गुंडाळलं, गोणपाटात शिवलं अन् गव्हाच्या कोठीमागं उभं करून ठेवलं. तेव्हापासून कोठी हलली नव्हती. संगूलाही सांगितलं नव्हतं. फोनवर बोललेलं सरकार ऐकतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"अव्वा, ऱ्हाऊ दे ते," माणिकप्पा एकदम उठला. "जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? काका, मी समजावतो हिला."

तो का उठला हे फक्त अव्वांना माहीत होतं. त्या चित्रात वरच्या अंगाला, खड्ड्याच्या काठावर, तपकिरी बूट घातलेले दोन पाय होते. मागं सरकणारे. तसले बूट त्या काळी उदगिरात एकाच माणसाचे होते.

"आदर्श," अव्वा म्हणाल्या, "जावई व्हायचंय ना? कोठी सरकव."

आदर्शनं बाह्या वर केल्या. कोठी भरलेली होती, अन् फिजिक्स येत असलं म्हणून कोठी हलत नाही. शेवटी वर्षाराणीनं दुसरीकडून जोर लावला, तेव्हा ती हातभर सरकली. मागून गोणपाटाची लांबलचक गुंडाळी निघाली. सोबत गव्हाचं भूस, लेंड्या अन् सुकन्येचा हरवलेला झारा.

बैठकीतलं टेबल बाजूला केलं. सुकन्येनं गोणपाटाची शिवण उसवली. कापड कडक झालं होतं, उलगडताना करकरत होतं. चार कोपऱ्यांवर काय ठेवावं म्हणून सुकन्येनं डाळीचे दोन डबे आणले. ते खालच्या दोन कोपऱ्यांवर बसले. वर काही ठेवायला कोपरेच नव्हते.

वरचा हातभर भाग उंदरांनी खाल्ला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, करवतीच्या दात्यांसारखा. गुंडाळी उभी करताना अव्वांनी घाईत चित्राचं डोकं खाली केलं होतं, अन् ज्वारीची खळ म्हणजे उंदरांना शिजवून ठेवलेलं जेवण. त्यांनी पायाशी सुरुवात केली असती तर मांडी गेली असती. त्यांनी डोक्यापासून सुरुवात केली.

तोंड नव्हतं. डोळे नव्हते. खड्ड्याचा काठ नव्हता अन् काठावरचे बूटही नव्हते. माणिकप्पानं वाकून, अगदी जवळ जाऊन खात्री करून घेतली. मग तो हळूच खुर्चीवर बसला.

"उंदरानं तुझी इज्जत राखली बाबा," अव्वा त्याला हळूच म्हणाल्या.

"कशात काय अन् फाटक्यात पाय," शरणप्पा चष्मा शोधत म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "तोंडच न्हाई म्हणल्यावर कसं ओळखायचं, वहिनी? स्वामी हायेत का न्हाईत, आता देवालाच..."

चष्मा सापडला. त्यांनी तो लावला, अन् वाक्य तिथंच राहिलं.

उरलेल्या चित्रात मांडी घालून बसलेलं एक लाल-काळं धड होतं. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, छातीवर पांढऱ्या विभूतीचे ओरखडे होते. अगदी वर, कुरतडलेल्या काठाला लागून, पिकलेल्या दाढीच्या खुंटांची हनुवटी तेवढी शिल्लक होती. अन् ती हनुवटी दोन हातांनी धरली होती. मागून आलेले हात. संगूनं ते धडापेक्षाही मोठे काढले होते, शिरा फुगलेल्या, चिखलानं बरबटलेल्या. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. तिच्याशेजारचं बोट वाकडं होतं.

शरणप्पांची करंगळी डाळमिलच्या पट्ट्यात गेली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. शेजारचं बोट डॉक्टरनं जोडलं, ते वाकडंच जोडलं. अख्ख्या मोंढ्यात असा हात दुसरा नव्हता.

त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. चित्रातल्या हाताच्या वर धरला. मग मागं घेतला अन् धोतराला पुसला, रंग ओला असल्यासारखा.

"बाबा," आदर्श म्हणाला, "हा तर तुमचा..."

"गप बस."

 शरणप्पा जमिनीवर बसले. गुडघ्यांचं दुखणं होतं, तरी बसले.

"मान थांबतच नव्हती," ते म्हणाले. कुणाला सांगत होते कळत नव्हतं. "स्वामी मंतर म्हणत होते अन् याची मान माझ्या हातातून सारखी सरकत होती. मी कानात म्हणलं, सिद्ध्या, बस की नीट. आयुष्यभर गादीवर कसा ताठ बसायचास. आता दोन घटका बस की. अन् बसला बगा. त्याच्यानंतर हलला न्हाई." त्यांनी नाक पुसलं. "संगू समोर होता. पाय धरून. तो वर बघत होता, मला वाटलं बापाकडं बघतोय. हा लबाड माझे हात बघत होता!"

"त्याला तेच येतं," अव्वा म्हणाल्या.

"वहिनी, तक्रार द्यायच्या आधी मी बघायला पायजे होतं."

"हाव."

अव्वांनी आणखी काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. चौदा दिवाळ्या त्या ते मनात घोळवत होत्या. पण हा माणूस जमिनीवर बसून त्यांच्या नवऱ्यासाठी रडत होता, अन् तसं रडणारं आता गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शरणप्पांनी डोळे पुसले, उठायला आदर्शचा हात मागितला, अन् उभं राहिल्यावर ते पुन्हा ट्रस्टचे अध्यक्ष झाले.

"लातूरच्या वकिलाला फोन लाव. उद्या येतो म्हणावं. शपथपत्र करायचंय."

"ट्रस्टवाले विचारतील, बाबा."

"सांगतो की. म्हणतो, मी स्वतः जागेवर होतो. माझ्याएवढा साक्षीदार कोण हाय?" त्यांनी पुन्हा एकदा खाली बघितलं. "वहिनी, एक मागू? हे कापड मला द्या. काच लावून घरात ठेवतो."

"हात तुझे असतील," अव्वा म्हणाल्या, "पर हनुवटी माझी हाय. यायचं तर इथं येऊन बघत जा."

सुकन्येनं पुन्हा चहा टाकला. या वेळी साखर जरा जास्तच घातली. माणिकप्पानं आपणहून पंचांग काढलं अन् पुढच्या महिन्यातल्या तारखा वाचायला लागला. 

सोमवार होता. फोन आला तो वर्षाराणीनं घेतला. पडद्यावर संगू, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत पिवळे. मागच्या खिडकीत बर्फ. वर्षाराणीनं फोन सरळ जमिनीवरच्या चित्राकडं वळवला.

पडद्यावर संगूचा चेहरा जवळ आला.

"अव्वा," संगू म्हणाला. "हे जळालं होतं ना?"

"मोर जळाला," अव्वा म्हणाल्या. "हे मी ठेवलं होतं."

मधे शरणप्पांनी डोकं घातलं अन् फोनसमोर आपला उजवा हात धरला. "संग्या, बोट बरोबर काढलास रे. वाकडं होतं तसंच काढलास. मी उद्या लातूरला चाललोय, केस मागं घ्यायला. ऐकलास का?"

संगूला ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तो हातानं तोंड झाकून बसला होता अन् हाताचा पिवळा रंग दाढीला लागत होता. इतकी वर्षं त्यानं तिथं बसून तोच खड्डा पुन्हा पुन्हा काढला होता. एकही चित्र त्याला या जळालेल्या चित्रासारखं साधलं नव्हतं, असं त्यानं अव्वांना कितीदा सांगितलं होतं. आता तो ते बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं.

"अव्वा, अप्पांचं तोंड कुठाय?"

"उंदरानं खाल्लं. मोरचूद टाक म्हणलं होतं मी. टाकलास?"

"न्हाई."

"मग!"

तो हसला. रडत होता तरी हसला. अव्वांनी फोन वर्षाराणीकडून मागून घेतला अन् दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरला. झडपेचं त्यांनी त्याला अजून सांगितलं नव्हतं.

"मी काढतो परत," संगू म्हणाला. "अव्वा, मला पाठ आहे ते. आलो की त्याच कापडाला जोड लावतो. अप्पांचं तोंड जसंच्या तसं काढून देतो."

"तोंडाचं ऱ्हाऊ दे, लेकरा," अव्वा म्हणाल्या. "तू माझी मान धरायला ये."